मोतीबिंदूनंतरची आंघोळ

गेल्या वर्षी मार्च महिन्यात परळच्या एका रुग्णालयात माझ्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. त्याच आठवड्यात त्या डोळ्यात जंतुसंसर्ग झाला. त्यानंतर त्याच डोळ्यावर आणखी दोन शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. पहिल्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसापर्यंत मी त्या डोळ्याने, जाड चष्मा लावून का होईना, वर्तमानपत्र वाचत होते. आता वाचत नाही.

माझे वय चौपन्न आहे. मी एका मराठी दैनिकात उपसंपादक आहे. माझा डावा डोळा मधुमेहामुळे आधीच अधू झाला होता. त्याच्या पडद्यावर सूज होती, सरळ ओळी वाकड्या दिसत आणि बारीक अक्षर अजिबात लागत नसे. वाचनाचा सगळा भार उजव्यावर होता. उजवा गेला तर काम गेले, हे शस्त्रक्रियेला जाताना घरातल्या तिघांनाही माहीत होते: मला, माझा नवरा अनिल याला आणि मुलगी सायली हिला.

वजन

मधुमेहाचे निदान ऑफिसच्या वार्षिक तपासणीत झाले, तेव्हा माझे वजन ब्याण्णव किलो होते. उंची पाच फूट एक इंच. ऑफिस गिरगावात, घर नायगावात. दुपारी खुर्चीत बसले की पाने छपाईला जाईपर्यंत उठायचे नाही, अशी आमच्या डेस्कची रीत. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या गाडीवरून वडे येत. बातमी मोठी असली की दुसऱ्यांदा येत. निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी संपादक स्वतः मागवत. चहाची तर मोजदाद नव्हती. जेवण घरी पोहोचल्यावर, आणि जेवणानंतर लगेच झोप. चर्नी रोड स्टेशनपासून ऑफिसपर्यंतचे चालणे एवढाच व्यायाम होता. उशीर झाला की तोही टॅक्सीने.

अनिलचे कुटुंब मूळचे मालवणकडचे. त्याचे वडील गिरणीत होते. घरात भात दोन्ही वेळा, आमटीऐवजी माशाचे तिखले असले की जास्त. साखरेचा आजार त्या घरात चष्म्यासारखा समजला जात असे. वय झाले की लागतो, त्यात लपवण्यासारखे किंवा घाबरण्यासारखे काही नाही. माझ्या मोठ्या दिरांना होता. नणंदेला आहे. मला झाल्याचे कळले तेव्हा नणंद म्हणाली, "आता खरी आमच्या घरची झालीस गो!" सगळे हसले. मीही हसले.

रक्ततपासणीच्या आधी चार दिवस मी भात सोडत असे, वडा सोडत असे, चहा बिनसाखरेचा घेत असे. उपाशीपोटीचा आकडा बरा येई. रिपोर्ट हातात आला की पाचव्या दिवशी सगळे पूर्ववत. मधुमेहाच्या डॉक्टरांना हे ठाऊक होते.

"तुमचं उपाशीपोटीचं रक्त तुमच्या बाजूने साक्ष देतं," ते एकदा म्हणाले. "तीन महिन्यांच्या सरासरीचं रक्त तुमच्या विरुद्ध. मी कोणाचं ऐकू?"

डाव्या डोळ्याचा पडदा सुजल्यावर मी त्यांचे ऐकायला सुरुवात केली. तोवर उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता. साखर जास्त म्हणून शस्त्रक्रियेची पहिली तारीख पुढे ढकलली गेली. दुसऱ्या वेळेस सरासरी पूर्वीपेक्षा खाली होती, पण हवी तेवढी नव्हती. डोळ्याच्या डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी दोन्ही कागद बराच वेळ पाहिले.

"आणखी खाली आली असती तर मला आवडलं असतं," त्या म्हणाल्या. "पण मोतीबिंदू आणखी पिकला तर तेही अवघड होईल. आता करू. नंतरची काळजी मात्र दुप्पट घ्यायची. तुमच्या शरीराला जंतूंशी लढता येत नाही, हे लक्षात ठेवा."

सोमवार ते बुधवार

शस्त्रक्रिया सोमवारी झाली. दुखले नाही. मंगळवारी सकाळी पट्टी काढली, तेव्हा समोरच्या भिंतीचा रंग पांढरा असल्याचे कळले. मी तो पिवळट धरून चालले होते. घरी आल्यावर गॅलरीतून समोरच्या पोलीस वसाहतीच्या दोरीवरचे कपडे वेगवेगळे दिसले.

"आई, माझ्याकडे इतकं निरखून बघू नकोस," सायली म्हणाली. "पिंपल आहे, माहितीये मला."

रुग्णालयातून मिळालेल्या कागदावर मराठीत सूचना छापल्या होत्या. त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. सवयीने मी त्या पेनाने दुरुस्त केल्या. म्हणजे मी कागद वाचला नव्हता असे म्हणायला जागा नाही. डोळ्याला पाणी लावू नये, डोक्यावरून आंघोळ करू नये, डोळा चोळू नये, धूर आणि धूळ टाळावी, दुखल्यास किंवा लाल झाल्यास लगेच यावे. सायलीने औषधाच्या थेंबांचे गजर माझ्या फोनमध्ये लावून दिले.

लालबाग

गुरुवारी सकाळी लालबागहून फोन आला. माझे मोठे दीर गेले. सकाळचा चहा घेताना कपासह कलंडले. डॉक्टर येईपर्यंत सगळे संपले होते. त्यांनाही वीस वर्षे साखर होती. अलीकडे पायाचे एक बोट काढावे लागले होते.

अनिल शर्ट घालता घालता म्हणाला, "तू येऊ नकोस."

"सख्खे दीर आहेत. वहिनी एकट्या आहेत."

"डोळ्याचं काय?"

"कोपऱ्यात बसून राहीन. गजर आहेत फोनमध्ये."

जिन्यात तो एवढेच म्हणाला, "काळा चष्मा काढू नकोस."

दिरांची खोली चाळीत तिसऱ्या मजल्यावर आहे. त्या दिवशी मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांचे दरवाजे उघडे होते आणि गॅलरीत माणसे उभी होती. मी ठरवल्याप्रमाणे कोपऱ्यात बसले. उदबत्तीचा धूर होता. थेंब वेळेवर घातले. दुपारी प्रेत खाली नेले. अनिलने खांदा दिला. पुरुष स्मशानात गेले आणि बायका मागे राहिल्या.

प्रेत गेल्यावर खोली धुतात. मग घरच्या बायका डोक्यावरून आंघोळ करतात, आणि ती केल्याशिवाय कोणी चुलीला, पाण्याच्या माठाला, देवाच्या फडताळाला हात लावत नाही. प्रेत नेईपर्यंत जे घर मयताचे असते ते आंघोळीनंतर जिवंत माणसांचे होते, असा त्याचा अर्थ. मी त्या घरची धाकटी सून. माझ्या आधी थोरल्या जाऊबाईंनी, म्हणजे ज्यांचा नवरा गेला त्यांनी, आंघोळ केली. त्या ओल्या केसांनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना कोणीतरी पाणी द्यायला हवे होते आणि आंघोळ करून माठाला हात लावू शकेल असे घरचे दुसरे कोणी नव्हते.

नणंद रंजना माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. मी त्यांना वन्सं म्हणते. त्या माझ्याजवळ येऊन बसल्या.

"ज्योती, तू राहू दे. तुझा डोळा ताजा आहे."

शेजारच्या खोलीतली म्हातारी दारातून म्हणाली, "ऱ्हवांदे कसा? घरची सून मा ती? पाणी घेतल्याबिगर वावरतली कशी?"

"काकी, ऑपरेशन झालंय तिचं. सोमवारीच."

"मी खंय नाय म्हणतंय? डोळो सोडून घेवंदे."

यात दुष्टपणा नव्हता. त्या बाईंनी सकाळपासून दोनदा आमच्यासाठी चहा करून आणला होता. कोणी मला ढकलले नाही. मीच वन्संना विचारले, "मागून ओतता येईल का?"

वन्संनी विचार केला. "पार्लरमध्ये केस धुतात तसं? येईल. तू मान मागे टाक. मी मागून ओतते. एक थेंब पुढे येऊ देणार नाही."

डोळ्यावर रात्री लावायची प्लास्टिकची वाटी माझ्या पिशवीत होती. ती आम्ही चिकटपट्टीने बसवली. त्यावर दुधाची रिकामी पिशवी कापून, धुऊन, दुहेरी करून लावली. त्यावर पुन्हा पट्टी. वन्संना हे काम नीट जमले होते. मी आरशात पाहिले आणि मलाही ते पुरेसे वाटले.

गॅलरीच्या टोकाला न्हाणीघर आहे. पाणी पिंपातले होते. मी स्टुलावर बसून मान मागे टाकली. माझ्या वजनाच्या बाईला स्टुलावर बसून मान फार वेळ मागे टाकता येत नाही. तिसऱ्या तांब्याला श्वास कोंडला आणि मी मान सरळ केली. पाणी कपाळावरून खाली आले.

"हललीस गो!" वन्सं म्हणाल्या.

पिशवी जागेवर होती, पण वरच्या बाजूची पट्टी सुटली होती. वाटीच्या आत ओल लागली. मी टॉवेलच्या टोकाने डोळा टिपला.

"झोंबतंय?"

"नाही."

"मग गेलं नसेल आत."

मी आत जाऊन माठातले पाणी जाऊबाईंना दिले.

लाल डोळा

आम्ही लालबागलाच राहिलो होतो. शुक्रवारी डोळा जरा खुपला. शनिवारी सकाळी धुके असल्यासारखे दिसत होते. मी खिडकीबाहेर धुके आहे का ते पाहिले. नव्हते. दुपारी डोळा लाल झाला.

सुतकाच्या घरात लाल डोळा कोणाच्या लक्षात येत नाही. सगळ्यांचेच लाल होते. भेटायला येणारी माणसे दारातच रडू लागत, त्यांना पाहून आम्ही रडत असू. रडल्यामुळे असेल, असे मला वाटले. अनिलला सांगितले असते तर तो त्याच वेळी उठला असता. पण तो भावाच्या फोटोसमोर बसला होता, दोन रात्री झोपला नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी अस्थी न्यायच्या होत्या. मी सांगितले नाही.

रविवारी सकाळी सायली लालबागला आली. माझा चष्मा तिने स्वतःच्या हाताने काढला आणि पाहिले.

"हे कधीपासून?"

"काल दुपारपासून."

"थेंब घालतेस ना?"

"घालतेय."

"तुला दिसतंय का सांग, मी काय घातलंय?"

तिने निळे काहीतरी घातले होते. मी तसे सांगितले. ते हिरवे होते. तिने कोणाशी काही न बोलता टॅक्सी बोलावली.

निदान

रविवार असल्याने बाह्यरुग्ण विभाग बंद होता. तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांनी डोळा पाहिला आणि माझ्या डॉक्टर बाईंना फोन केला. त्या अर्ध्या तासात आल्या. त्यांनी बराच वेळ यंत्रातून पाहिले. मग माझ्या चेहऱ्यासमोर बोटे धरली.

"किती?"

"दिसत नाहीत."

"हात हलतोय, ते कळतं?"

"हो."

त्यांनी दिवा लावला आणि खुर्ची माझ्या जवळ ओढली. "डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाला आहे. आतमध्ये पू आहे. आत्ता लगेच डोळ्यातलं थोडं पाणी तपासायला काढते आणि आत औषधाचं इंजेक्शन देते. दोन दिवसांत फरक पडला नाही तर ऑपरेशन. डोळा वाचवायचा प्रयत्न करू. नजर किती राहील ते आज सांगता येणार नाही."

अनिल तोपर्यंत येऊन पोहोचला होता.

"डोक्यावर पाणी घेतलं होतं?" बाईंनी विचारले.

"नाही," अनिल म्हणाला.

"हो," मी म्हणाले. "गुरुवारी."

अनिल माझ्याकडे पाहत राहिला. तो तेव्हा स्मशानात होता. त्याला कोणी सांगितले नव्हते.

सुई डोळ्यात जाते त्याची भीती सगळ्यांना असते, म्हणून लिहिते. थेंब घालून डोळा बधिर करतात. दुखते, पण सोसण्याइतके. दुखण्यापेक्षा जड जाते ते हे की पापणीला चाप लावलेला असतो आणि आपण जे पाहायला तयार नाही तेच पाहावे लागते. मला तेव्हा फार काही दिसत नव्हते. नर्सने माझा हात धरला होता. तिने तो शेवटपर्यंत सोडला नाही.

वॉर्ड

मला दाखल करून घेतले. वॉर्डातला दिवस थेंबांवर चालतो. दर तासाला सिस्टर येते, डोके मागे करायला सांगते, थेंब घालते, "मिटून ठेवा" म्हणते आणि पुढच्या खाटेकडे जाते. मध्ये रक्तातली साखर, मध्ये इन्सुलिन, मध्ये जेवण. जेवणात दुधी असे, पडवळ असे, एक पोळी असे. आयुष्यात पहिल्यांदा माझी साखर सलग आठवडाभर काबूत राहिली. ती तशी ठेवता येते, हे त्या आठवड्यात सिद्ध झाले. वेळ त्यासाठी योग्य नव्हती.

शेजारच्या खाटेवर शिवडीच्या एक बाई होत्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर रक्तस्राव झाला होता. त्याही साखरेच्या. त्यांना भेटायला येणारा प्रत्येक जण फळे आणी.

"एवढे चिकू कोण खाणार?" त्या म्हणत. "मी साखरेची, तुम्ही साखरेच्या, समोरची साखरेची. ह्यांना कोणीतरी सांगा, हा डोळ्यांचा वॉर्ड नाही, साखरेचा कारखाना आहे."

चिकू सिस्टरांनी खाल्ले.

इंजेक्शनने फरक पडला नाही. बुधवारी डोळ्यातला द्रव काढण्याची शस्त्रक्रिया झाली. तपासणीत जंतू सापडला, त्यावर चालणारे औषध सुरू केले, संसर्ग थांबला. अनिलने बाईंना विचारले, "हे पाण्यामुळेच झालं ना?"

"पाण्यामुळे असेल. साखरेमुळे असेल. दोन्हींमुळे असेल. ऑपरेशनच्या वेळीही जंतू आत जाऊ शकतो, क्वचित जातो. त्या दिवशीचे माझे बाकीचे पेशंट ठीक आहेत, एवढं मी तपासलं. जंतू कोणता ते लॅब सांगते. तो कुठून आला ते सांगत नाही."

"पण पाणी घेतलं नसतं तर?"

"तर एक कारण कमी झालं असतं," बाई म्हणाल्या. "आणि शनिवारीच आला असतात तर एक दिवस मिळाला असता."

घरात

अनिलने बहिणीशी बोलणे बंद केले. ती वॉर्डात आली की तो उठून बाहेर जाई. मी त्याला सांगितले की मान मीच सरळ केली आणि मागून ओता असे मीच म्हटले होते.

"तिला अक्कल नको?" तो म्हणाला. "साठी उलटलेली बाई."

"मी चौपन्नची आहे. मला नव्हती?"

"तुला काय बोलायचं ते मी नंतर बोलेन."

ते त्याने आजवर बोलून दाखवलेले नाही.

सायलीने बोलून दाखवले. "आई, हे पान तू करायचीस ना ऑफिसात? अमुक गावात अमुक प्रथा, तमुक महिलेचा डोळा गेला. चौकट टाकून लावायचीस. हेडिंग काय दिलं असतंस?"

मग तिनेच माझ्या डोळ्यात थेंब घातले.

दिरांच्या बाराव्याला मी जाऊ शकले नाही. तिथे वन्संनी गुरुजींना विचारले. आजारी माणसाने गळ्याखालून अंग पुसले, पायावर पाणी घेतले तरी चालते, अगदीच शक्य नसेल तर नुसते देवाचे नाव घेतले तरी पुरते, असे त्यांनी सांगितले. वन्संनी हे मला फोनवर जसेच्या तसे सांगितले आणि फोन ठेवून दिला. गुरुवारी हे विचारायचे आमच्यापैकी कोणालाही सुचले नव्हते.

डोळ्याचे ऑपरेशन झालेल्या माणसाच्या घरी मृत्यू झाला तर काय करावे, हे सूचनांच्या कागदावर छापलेले नसते. म्हणून इथे लिहिले आहे. घरातल्या एकाने तरी आधी डॉक्टरांना फोन करावा. मग गुरुजींना विचारावे. शेजाऱ्यांना विचारायची गरज नाही.

पालथे

पाच आठवड्यांनी उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. तिसरी शस्त्रक्रिया झाली. पडदा जागेवर दाबून बसावा म्हणून डोळ्यात तेल भरले. तेल वर तरंगते, त्यामुळे पडद्यावर दाब राहण्यासाठी तोंड सतत खाली ठेवावे लागते. झोपताना पालथे, बसताना मान खाली, चालतानाही जमिनीकडे नजर.

बारीक माणसाला हे अवघड जाते. जाड माणसाला श्वास घेता येत नाही. मी पालथी झोपले की पोट आणि छाती यांच्यामध्ये दम अडकत असे. पाच मिनिटांत घाम फुटे. घुसमटत घुसमटत झोप लागली तरी जाग येई तेव्हा मी कुशीवर असे. रुग्णालयात सांगितले, टेबलावर डोके टेकवून बसा. मी बसले. कपाळाला वळ उठले, मान आखडली, आणि डोळ्यावर दाब येऊ नये म्हणून चेहरा अधांतरी धरावा लागे.

तिसऱ्या दिवशी वन्सं आमच्या घरी आल्या. अनिल घरात होता. त्या त्याच्याकडे न पाहता सरळ माझ्या खोलीत आल्या. त्यांच्या हातात जुन्या सुती लुगड्याची, धुऊन उकळून वाळवलेली मोठी चुंबळ होती, डोक्यावर हंडा घेताना ठेवतात तशी, पण तिप्पट मोठी.

"ह्याच्यात तोंड घाल. कपाळ टेकेल, हनुवटी टेकेल, डोळा मोकळा राहील. खाली दोन उशा लावते म्हणजे पोट सुटं राहील."

त्यांनी ते लावून दिले. मी तोंड घातले. कपाळ टेकले, डोळ्याला काही लागले नाही. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा सलग झोपले.

जाग आली तेव्हा बाहेरच्या खोलीतून आवाज येत होते.

"चहा घेतेस?" अनिल विचारत होता.

"घेते. साखर नको."

"आमच्याकडे साखर नाहीच आहे आता."

त्यापुढे कपबशी वाजली तेवढी ऐकू आली.

डावा डोळा

उजव्या डोळ्याचा पडदा बसला. नजर आली नाही. ऑफिसने मला वेबसाइटच्या कामावर घेतले. तिथे अक्षर मोठे करता येते, पान बांधायचे नसते. डाव्या डोळ्यात सूज कमी होण्यासाठी इंजेक्शने सुरू होती. अक्षर अंगठ्याएवढे केले की नजरेत एक शब्द मावतो. एक शब्द वाचायचा, तो लक्षात ठेवून पुढचा वाचायचा. सहकाऱ्यांनी तक्रार केली नाही. माझ्या हातून गेलेल्या चुका ते न बोलता दुरुस्त करत. त्यांनी केलेले बदल मला नंतर सायली वेबसाइटवरून वाचून दाखवी.

पावसाळ्यानंतर डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू पिकल्याचे बाईंनी सांगितले.

"थांबलो तर?" अनिलने विचारले.

"तर काही महिन्यांत ह्यांना या डोळ्यानेही मोठं अक्षर दिसणार नाही."

"केलं आणि पुन्हा तसंच झालं तर?"

"तर दोन्ही डोळे जातील. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण या वेळी तीन महिन्यांची सरासरी मी सांगेन तिथे आल्याशिवाय टेबलावर घेणार नाही. चार दिवसांची नाही चालणार."

वडे बंद झाले. भात एक मूठ राहिला. सकाळी अनिल मला नायगावहून दादरच्या फुलबाजारापर्यंत चालवत नेई आणि परत आणी. उजव्या बाजूने येणारे काही मला दिसत नाही, म्हणून तो उजवीकडून चालत असे. बाजारात हमाल टोपल्या घेऊन धावतात. पहिल्या आठवड्यात एका टोपलीचा धक्का लागून मी पडले. अनिलने हमालाला शिव्या दिल्या. हमाल म्हणाला, "काका, आवाज दिला होता ना मी! मावशीला दिसलं नाही तर काय करू?" दुसऱ्या दिवशीही आम्ही गेलो. वजन एक्क्याऐंशीवर आले. त्याखाली गेलेले नाही.

सरासरी बाईंनी सांगितलेल्या आकड्यावर यायला हिवाळा उलटला. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया या वर्षी फेब्रुवारीत झाली. त्यानंतर दोन आठवडे मी घराबाहेर पडले नाही. मान पुसली ती सायलीने ओल्या फडक्याने. डोळा दुखला नाही. लाल झाला नाही.

महिन्याने तपासणी झाली. अंधाऱ्या खोलीत बाईंनी मला खुर्चीत बसवले आणि उजवा डोळा झाकला. डाव्या डोळ्याने मी तक्त्यावरच्या वरच्या चार ओळी वाचल्या. पाचवीतले पहिले अक्षर लागले, पुढची नाहीत.

मग त्यांनी डावा डोळा झाकला आणि उजव्यासमोर टॉर्च धरला.

"उजेड आहे?"

"आहे."

"कुठून येतोय? वरून, खालून, डावीकडून, उजवीकडून?"

मी वरून म्हणाले. त्यांनी टॉर्च हलवला आणि पुन्हा विचारले. मी डावीकडून म्हणाले. त्यांनी तिसऱ्यांदा विचारले, चौथ्यांदा विचारले. मग दिवा लावून त्यांनी केसपेपरवर लिहिले आणि लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवले: उजवा डोळा, प्रकाशाची जाणीव आहे, दिशेची नाही.